किकाओंदेचे सहा शनिवार

आधी चूक सांगून टाकतो. ती शेवटासाठी राखून ठेवली तर तोवर मी काहीतरी सबब शोधून काढीन, हे मला स्वतःबद्दल आता माहीत झालं आहे. एका वृद्ध बाईंनी सहा शनिवार माझ्या घरी बसून जे बोलून ठेवलं, त्यातला त्यांच्या घरच्यांसाठीचा सगळा भाग मी पुसला. पुसताना तो कुणासाठी आहे हे मला माहीत नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू. पुढे माहीत झालं. आणि त्यांच्या मुलीनं तो मागितला तेव्हा मी "कंपनी देत नाही" असं सांगितलं. ती बिचारी वर्षभर कंपनीच्या उत्तराची वाट पाहत राहिली.

आज हे लिहितो आहे, कारण पाइनचा पराग पुन्हा उडायला लागला आहे.

मार्च संपत आला की आमचं कॅरी गाव पिवळं होतं. नॉर्थ कॅरोलिनाच्या बाहेर राहणाऱ्यांना हे सांगून खरं वाटत नाही. रात्री काळी असलेली गाडी सकाळी पिवळी दिसते. घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर बोट फिरवलं तर जेजुरीहून आल्यासारखं बोट माखतं. पाऊस झालाच तर डबक्यांच्या कडांना पिवळी झालर येते. माणसं शिंकतात, डोळे चोळतात, औषधांच्या दुकानात ॲलर्जीच्या गोळ्यांचं शेल्फ रिकामं होतं. शुभदा, माझी बायको, हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. ती या तीन आठवड्यांना 'माझी दिवाळी' म्हणते. घरी मात्र तिचा नियम कडक असतो. "खिडकी उघडलीस तर घर तू पुसायचं." म्हणून सगळ्या गावात वसंत फुललेला असताना आम्ही काचेच्या आड बसतो. डॉगवूडची पांढरी फुलं, कोपऱ्यावरच्या घराची किरमिजी अझेलिया, सगळं बंद खिडकीतून पाहायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच मोसमात बान्काम्बो आमच्याकडे आल्या.

'न्काम्बो' म्हणजे आजी किंवा आजोबा. त्याला मागे 'बा' लावला की मान दिल्यासारखं होतं. हा 'बा' खरा अनेकवचनाचा. एक माणूस 'मुन्तु', पुष्कळ माणसं 'बान्तु'. पण वडीलधारं माणूस एकटं असलं तरी त्याला पुष्कळांसारखं वागवायचं. आपण नाही का, एकट्या आजी दारात उभ्या असल्या तरी 'आजी आल्या' म्हणतो, तसंच. त्यांच्या लेकीनं, प्रिस्कानं, मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अरे, हे तर आमचंच." ती हसली. "आईला आवडेल हे. इथे सगळे तिला 'हनी' म्हणतात. परवा दुकानातली विशीतली पोरगी म्हणाली. आई गाडीत बसेपर्यंत गप्प होती."

प्रिस्का आमच्या दोन घरं पलीकडे राहते. शुभदाच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. दोघींची शिफ्ट जुळली की एका गाडीतून जातात. मूळची झांबियाच्या वायव्येकडच्या कासेम्पा भागातली. तिच्या लोकांना बाकाओंदे म्हणतात, एकट्याला मुकाओंदे, आणि त्यांच्या भाषेला किकाओंदे. झांबियात मान्यता असलेल्या मोजक्या भाषांमधली ती एक. सीमेपलीकडे काँगोतही काही लोक बोलतात. तिचं नाव मी चार वर्षांपूर्वी ऐकलंही नव्हतं. बान्काम्बो ही प्रिस्काची आई. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

आणि मी आवाजाचा व्यापारी. म्हणजे इंजिनिअर आहे, पण काम असं की माणसांनी वाक्यं बोलायची, ती आम्ही गोळा करायची, साफ करायची आणि यंत्राला त्यावरून भाषा शिकवायची. त्या वर्षी हॉस्पिटलांच्या फोनवरच्या दुभाष्यांसाठी काही लहान भाषा घ्यायचं ठरलं होतं. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, आफ्रिकेतली एखादी आहे का कुणाच्या ओळखीत. मी हात वर केला. वर्गात पहिल्यांदाच उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

शुभदा म्हणाली, "छान आहे. घरातल्या पोरीला 'पोळी लाट' म्हटलेलं कळत नाही, आणि तू चाललायस झांबियाची भाषा वाचवायला."

आमची इरा तेव्हा चौदाची होती. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, आय अंडरस्टँड पोळी."

स्टुडिओ कुठला आणणार? घरातली सगळ्यात शांत जागा म्हणजे आमच्या बेडरूममधली कपड्यांची खोली. तिन्ही बाजूंनी शुभदाच्या साड्या टांगलेल्या. रेशमासारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही. आम्ही जे महागडे फोम लावतो ते त्याच्यापुढे काही नव्हेत. मधोमध एक खुर्ची ठेवली, समोर स्टँडवर माईक. मी दाराशी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन.

पहिल्या शनिवारी बान्काम्बो आत आल्या आणि आधी साड्यांकडे पाहत राहिल्या. एका नारायणपेठीचा काठ दोन बोटांत धरला. प्रिस्कामार्फत शुभदाला विचारलं, "या सगळ्या तुझ्या एकटीच्या?" शुभदानं हो म्हटल्यावर मान हलवली आणि काहीतरी बोलल्या. प्रिस्का हसू दाबत म्हणाली, "आई म्हणते, मग तुझा नवरा बरा असणार. दिसत नाही तसा."

त्यांचं थोडं इंग्रजी होतं, ते मला फार आवडायचं. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीत. 'नामुमोना' म्हटलं की 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी तिला पाहिलं' दोन्ही झालं. एका शब्दात 'मी' आहे, काळ आहे, ज्याला पाहिलं ते माणूस आहे आणि पाहणंही आहे. बाई की पुरुष, एवढंच नाही. त्यामुळे इंग्रजी बोलताना बान्काम्बो मला बिनदिक्कत 'शी' म्हणायच्या. "बा सुधीर, शी इज टू थिन. शी मस्ट ईट." शुभदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "येस, टेल हर!" तो सगळा मोसम मी घरात 'शी' होतो. इरा अजून अधूनमधून म्हणते.

काम असं चालायचं: इंग्रजी वाक्यांची यादी माझ्याकडे, प्रिस्कानं ती किकाओंदेत उतरवून वहीत लिहिलेली. ती एक वाक्य वाचायची, आई ते आपल्या ढंगात म्हणायची. 'बस उशिरा आली.' 'डॉक्टर कुठे बसतात?' 'माझं पोट काल संध्याकाळपासून दुखतंय.' सुरुवातीला बान्काम्बो प्रत्येक वाक्यावर अडायच्या. "कुठली बस?" प्रिस्का म्हणायची, "कुठलीच नाही, आई. नुसतं म्हण." "माझं पोट दुखत नाही." "मला माहितीय. म्हण." त्यावर त्या माझ्याकडे बघायच्या, या बाईला काही समजावा अशा नजरेनं, आणि मग अगदी सरळ आवाजात म्हणायच्या की पोट दुखतंय.

पण वाक्यांच्याही आधी एक भाग असायचा, आणि मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

त्या वेळी प्रिस्का खाली शुभदाबरोबर चहा पीत असायची, वाक्यांच्या वेळी वर यायची. माईकसमोर बसल्या की बान्काम्बो दोन्ही तळहातांची ओंजळ करून हळू टाळी वाजवायच्या. टाळी म्हणजे कौतुकाची नव्हे. एक मऊ, पोकळ आवाज, दोन-तीनदा थांबून थांबून. त्यांच्याकडे कुणाला अभिवादन करायचं तर असे हात वाजवतात. मग म्हणायच्या, "मुजी ब्येपी?" कसे आहात? हा 'मु'ही मानाचा, अनेकवचनी. आणि पुढे बोलत राहायच्या. चार मिनिटं, पाच मिनिटं, एकदा तर बरीच जास्त. वाक्याच्या शेवटी 'म्वाने' यायचं. आपण 'बरं का हो' म्हणतो त्यासारखं, पण त्यात अदब असते. मी हेडफोनमधून ऐकायचो, म्हणजे आवाजाच्या पातळीचा काटा लाल रंगात जात नाही ना हे बघायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "हे कोण ऐकणार आहे?"

मी म्हणालो, "पुष्कळ लोक. कोण ते अजून ठाऊक नाही."

त्या प्रिस्काकडे वळून काहीतरी बोलल्या. मग प्रिस्कानं सांगितलं, "ती म्हणते, ठाऊक नाही म्हणून काय झालं. रामराम केल्याशिवाय कुणाशी कसं बोलायचं?" 'रामराम' हा शब्द अर्थात माझा, प्रिस्का 'ग्रीटिंग' म्हणाली होती. मी घड्याळ बघून म्हटलं, "शुअर, शुअर." मनात म्हटलं, कापता येईल नंतर.

खरं तर मला त्या भाषेचं वेडच लागलं होतं, आणि हेच आठवून जास्त लाज वाटते. मी संध्याकाळी तक्ते करायचो. मराठीत आपण तीन लिंगांवर भागवतो. यांच्याकडे नामांची कितीतरी घरं. माणसं एका घरात, वस्तू दुसऱ्या, लहानसहान गोष्टींचं निराळं, पातळ पदार्थांचं निराळं. वस्तू 'किन्तु', वस्तू पुष्कळ असल्या तर 'बिन्तु'. झाड 'किची', झाडं 'बिची'. आणि घर एकदा ठरलं की वाक्यातला प्रत्येक शब्द त्या घराची खूण मिरवतो. दोन माणसं 'बान्तु बाबिजी', दोन वस्तू 'बिन्तु बिबिजी'. आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल होतं ना, त्याचीच ही दूरची बहीण, फक्त तिच्या पदरात जास्त मुलं. शिवाय सूर. तोच शब्द वरच्या सुरात एक, खालच्या सुरात दुसरा. मी 'बान्तु बाबिजी, बिन्तु बिबिजी' असं घोकत ऑफिसला गाडी चालवत जायचो. समोरची काच पिवळी, वायपर मारला की हळदीचा लेप इकडून तिकडे.

बान्काम्बोंना म्हणून दाखवलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग माझे सूर नीट करून घेतले, एखाद्या लहान मुलाकडून करून घ्यावेत तसे, हनुवटीला बोट लावून. हे सगळं मी शिकलो. फक्त त्या माईकसमोर काय बोलतात हे मी कधी विचारलं नाही. व्याकरण मला त्यांच्याहून जवळचं झालं होतं.

चौथ्या शनिवारी रेकॉर्डिंग संपल्यावर त्या शुभदाचा नियम मोडून डेकवर गेल्या. कठड्यावरचा पराग तळहातावर घेतला, वास घेतला, जिभेला लावला. पाइनच्या परागात मधमाशीला रस नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांच्या गावाकडे जंगल फुललं की माणसं झाडांखाली मान वर करून फिरतात, मधमाशा कुठल्या झाडाकडे चालल्यात ते बघत. झाडाची साल गोल काढून तिची नळकांडी करतात, फांदीवर ठेवतात, आणि मध भरायची वाट बघतात. त्यांचे वडील मधाच्या चवीवरून झाड सांगायचे. 'बुची', मध, हा शब्द त्यांनी मला तिथे दिला. एवढ्यात आमच्या डेकच्या लाकडाला भोक पाडणारा एक जाडा काळा भुंगा घोंघावत आला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "ही मध देते?" मी नाही म्हणालो. "घर खाते?" हो म्हणालो. "अमेरिका," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सहाव्या शनिवारी त्या नेहमीपेक्षा खूप वेळ बोलल्या. आवाज मधेच थांबला, पुन्हा आला. प्रिस्का नेहमीसारखी खाली शुभदाबरोबर चहा पीत होती. मी दारात एकटाच. त्यांचं बोलणं थांबलं तसं मी अंगठा वर केला. त्यांनीही अंगठा वर केला आणि हसल्या. मग प्रिस्का वर आली आणि आम्ही वाक्यं सुरू केली.

आमच्या कामात आवाज ऐकून साफ करत नाहीत, बघून करतात. स्क्रीनवर आवाजाची नक्षी उमटते: बोलणं म्हणजे दाट झुडपं, शांतता म्हणजे सपाट रेघ. ओंजळीच्या टाळ्या त्यात उंच सुळक्यांसारख्या दिसायच्या, लांबूनच ओळखू यायच्या. सुळके दिसले की समजायचं, इथून पहिल्या वाक्यापर्यंतचं आपलं नाही. यादीतलं नाही ते ठेवायचं नाही, हा नियम मीच लिहिला होता. एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, डबा खाताखाता, मी सहाही शनिवारांची डोकी उडवली. मूळ फाइली महिनाभर राहतात, मग आपोआप जातात. त्या जायच्या आधी माझ्या टीममधल्या मुलीनं मेसेज केला: सुरुवातीला बरंच मोकळं बोलणं आहे, ठेवायचं का? ती विचारत होती, हे लक्षात घ्या. मी उत्तर दिलं: "गरज नाही."

बान्काम्बो जुलैत परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "नासांता म्वाने," आभारी आहे, आणि शुभदाला मिठी मारली. गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे तिकडे भर पावसाळ्यात, कासेम्पाला वारल्या. प्रिस्का पोचेपर्यंत दफन झालं होतं.

ती परत आली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. तिची मुलगी मर्सी, आमच्या इराहून दोन वर्षांनी लहान, कोचावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. प्रिस्कानं अगदी संकोचून विचारलं, आईची ती वाक्यं मिळतील का. एवढं तरी माझ्या हातात होतं. रीतसर परवानगी काढून मी सगळी वाक्यं एका ड्राइव्हवर भरून दिली, वर रिबन बांधली. रिबन बांधली, हे लिहितानाही कसंसं होतं.

चार दिवसांनी प्रिस्का दारात उभी. "सुधीर, आवाज आईचाच आहे," ती म्हणाली. "पण ती कुणाशी बोलत नाहीये. बस आली, पोट दुखतंय... मर्सीनं दहा मिनिटं ऐकलं आणि बंद केलं." मग म्हणाली, "सुरुवातीचं कुठंय? आई जायच्या आधी फोनवर म्हणाली होती. दर शनिवारी तिनं घरातल्या एकेकासाठी बोलून ठेवलंय. माझ्या भावांसाठी, माझ्यासाठी. शेवटचा मर्सीचा. म्हणाली, ते बा सुधीरकडे आहे, नीट आहे, काळजी करू नका."

मला आठवतं, मी दाराची मूठ धरून उभा होतो आणि मूठ गार होती.

मी म्हणालो, "ते... त्याला वेगळी परवानगी लागते. कंपनीची पॉलिसी आहे. विचारून बघतो."

एवढंच. दुसरं कुठलंही वाक्य बोलता आलं असतं. तोंडातून हे निघालं, कारण हे बोलायची मला सवय आहे. आम्हा लोकांना इकडे येऊन पंचवीस वर्षं झाली. आपल्याला जे करायचं नसतं ते आपण पॉलिसीवर घालायला शिकलो आहोत. अवघड पाहुण्यांना, मंडळाच्या वर्गणीला, गावाकडच्या फोनला. पॉलिसीला चेहरा नसतो, तिच्यावर कुणी रागावत नाही.

प्रिस्काही रागावली नाही. तिनं विश्वास ठेवला. शुभदाकडे अधूनमधून विचारायची, "काही कळलं का?" शुभदा मला विचारायची. मी म्हणायचो, "वर पाठवलंय." प्रिस्कानं कंपनीला स्वतः पत्र लिहिलं; तिथून छापील पोच आली तेव्हा ती मला दाखवायला घेऊन आली. आशेनं. तो कागद मी हातात घेतला, वाचल्यासारखं केलं, आणि म्हणालो की चांगलं लक्षण आहे.

गेल्या वर्षीचा पिवळा मोसम आला आणि गेला. मी गाडी धुतली, डेक धुतलं. प्रिस्काच्या घरावरून जाताना मान खाली घालून फोन बघायचो.

शुभदाला मी या फेब्रुवारीत सांगितलं. ती कपड्यांच्या खोलीत इस्त्रीच्या साड्या लावत होती. ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून तिथेच बसली. हातातल्या साडीची मांडीवर घडी करत राहिली. शेवटी म्हणाली, "पुसलंस ते एक वेळ समजू शकते मी. तिच्याच गाडीत बसून जाते रे मी, सुधीर. तुझा निरोप मी देत होते तिला."

त्यानंतरही मी पाच आठवडे घालवले. या गोष्टीचं समर्थन माझ्याकडे नाही. इराला कळलं, कसं ते ठाऊक नाही. आमच्या घराच्या भिंतींना तिचेच कान आहेत. एका सकाळी कॉर्नफ्लेक्स खाताखाता म्हणाली, "बाबा, मर्सी अजून वेट करतेय. शी टोल्ड मी. तिला वाटतं, एटीन झाल्यावर ती स्वतः अप्लाय करू शकेल." एवढं मराठी ती एका दमात बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती. मग बाउल सिंकमध्ये ठेवून बस पकडायला गेली.

अप्लाय करू शकेल. तीन वर्षांनी. माझ्याकडून निघालेलं एक वाक्य त्या मुलीच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत जाऊन बसलं होतं.

गेल्या रविवारी दुपारी मी गेलो. शुभदा 'मी येऊ?' म्हणाली, मी नको म्हटलं. पायाखाली परागाचा थर होता, माझ्या बुटांचे ठसे आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत उमटत गेले. प्रिस्का नळी घेऊन पोर्च धूत होती. पिवळं पाणी पायऱ्यांवरून खाली येत होतं. मला बघून तिनं नळी बाजूला धरली, माझे पाय भिजू नयेत म्हणून.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मी पुन्हा पॉलिसी म्हणालो असतो. सांगितलं की ते रेकॉर्डिंग नाही. कंपनीनं अडवलेलं नाही, कधीच अडवलं नव्हतं. मी कापलं. ठेवायचं का असं विचारलं होतं, तेव्हाही मी नको म्हणालो. आणि तू मागितलंस त्या दिवशी मला हे सगळं माहीत होतं.

तिनं नळ बंद केला. पाणी बंद झाल्यावर रस्ता फार शांत झाला.

"त्या दिवशी माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे मी पत्र लिहिलं तेव्हाही."

"हो."

तिनं नळीची वेटोळी करायला घेतली. एक, दोन, तीन, नीट, एकावर एक. नर्सचे हात, काही झालं तरी हातातलं काम अर्धं टाकत नाहीत. "आई गेली तेव्हा मी पोचले नाही," ती म्हणाली. "मला वाटत होतं, चला, निदान ते बोललेलं तरी आहे. त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी दोन्हींसाठी एकदमच रडले असते, सुधीर. आता मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार." 'सॉरी' मी म्हणालो नाही; तो शब्द आम्ही इथे दुकानात गाडा धडकला तरी म्हणतो.

वेटोळं तिनं हुकाला अडकवलं. मग म्हणाली, "मर्सी आत आहे. तिला मी सांगणार नाही. माझ्या तोंडून तिनं वर्षभर तुझं खोटं ऐकलंय. तू सांग."

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. माझ्या वडिलांनी कधी माझी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. मागितली असती तर आम्ही दोघं घाबरलो असतो. मी इराची कधी मागितलेली नाही. चुकलो की तिच्या आवडीचं काहीतरी घेऊन यायचो, झालं. मोठ्यांनी लहानांची क्षमा मागायची आमच्यात रीत नाही, आणि रीत नाही म्हणून शब्दही तयार नाहीत. त्या दारातून आत जाताना मी ते शोधत होतो.

मर्सी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणितं सोडवत होती. मला बघून तिनं कानातले इअरफोन काढले आणि उठून उभी राहिली. मोठं माणूस आलं की उठायचं, हे तिला आजीनं शिकवलेलं. मी तिला बसायला सांगितलं. मीही समोर बसलो. प्रिस्का दाराशी उभी राहिली.

मी इंग्रजीत बोललो, कारण आम्हा दोघांना मिळून तेवढी एकच भाषा येते. इथे मराठीत लिहितो.

"मर्सी, तुझ्या आजीनं तुझ्यासाठी जे बोलून ठेवलं होतं, ते माझ्याकडे होतं. ते आता कुठेच नाही. मी पुसलं. चुकून बटण दाबलं गेलं असं नाही. मला ते बिनकामाचं वाटलं, म्हणून पुसलं. मग तुझ्या आईशी खोटं बोललो. तू अठरा वर्षांची झालीस तरी ते मिळणार नाही. तू त्यासाठी थांबू नकोस."

तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेन्सिल वहीच्या मध्यभागी ठेवली. आवाज चढवला नाही. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं, "मग तुम्हाला तर माहीत असेल ना? तुम्ही तिथे होतात. ती मला काय म्हणाली?"

मी तिथे होतो. चार फुटांवर. कानांवर हेडफोन होते.

"नाही माहीत," मी म्हणालो. "मला तिची भाषा येत नव्हती, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही. तुझी आई खाली होती; हाक मारून विचारता आलं असतं. मला जाणून घ्यावंसं वाटलं नाही. माझं चुकलं, मर्सी. मी तुझी माफी मागतो."